रेघेला फुटलेला हुंदका

1912 साली धुंडिराज गोविंद फाळके नावाच्या एका अडचणीतल्या गृहस्थाने कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा लावून ठेवला. रोज थोडं थोडं टिपायचं, बस्स. महिनाभराहून जास्त काळ हा उद्योग चालला. मग पडद्यावर जेमतेम मिनिटभरात दाणा तडकला, कोंब वर आला, त्याची वेल झाली आणि आधार शोधत हवेत झुलू लागली. ‘अंकुराची वाढ’ या चिमुकल्या फिल्मचा हेतू कलेचा कमी आणि व्यवहाराचा जास्त होता. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल हवं होतं आणि हे नवं यंत्र काय करू शकतं ते पैसेवाल्यांना पटवायचं होतं. त्यांना ते पटलं. कर्ज मिळालं.

एक गोष्ट मात्र नीट पाहण्यासारखी आहे. कॅमेऱ्यासमोर काहीही हलत नव्हतं. वाटाण्याची हालचाल कोणाला दिसावी इतकी वेगवान नसते. जे हललं ते सुट्या स्थिर चित्रांच्या जोडणीतून हललं आणि पाहणाऱ्याने त्यात जीव धरला. अ‍ॅनिमेशनचा सगळा कारभार या एवढ्या गोष्टीवर चालतो. तीन वर्षांनी, पहिल्या महायुद्धात पैशाची चणचण भासू लागल्यावर, फाळक्यांनी काही छोट्या फिल्म काढल्या. त्यांत 1915ची ‘आगकाड्यांची मौज’ होती. पेटीतल्या काड्या आपापल्या उठतात आणि नाना आकार घेतात, इतकाच विषय. ती फिल्म आज उरलेली नाही. पण भारतीय कथापटाचा पाया घालणाऱ्या माणसानेच निर्जीव काड्यांनाही चालायला लावलं होतं, हे आपण फारसं लक्षात ठेवत नाही. दादरच्या ज्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे, त्याच रस्त्यावरच्या मथुरा भवनात त्यांचं बिऱ्हाड होतं आणि कारखानाही. आजूबाजूला शाळा सुटल्याची गर्दी. इथे उभं राहून काड्या आठवणारा माणूस विरळाच.

ज्या पुस्तकासाठी ही प्रस्तावना आहे त्याचा विषय त्या काड्यांची वंशावळ. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात वाढलेल्या माणसांनी आपल्याला रडवणाऱ्या एकेका प्रसंगाविषयी इथे लिहिलं आहे आणि हे प्रसंग चितारलेल्या, मळलेल्या, कापलेल्या किंवा संगणकात घडवलेल्या माणसांचे, प्राण्यांचे, खेळण्यांचे आहेत. संपादकांची अट एकच होती: समीक्षा नको, रडू कुठे आलं ते सांगा. लिहिणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले आहेत, शिक्षिका आहेत, गिरणगावातल्या तिसऱ्या पिढीची पोरं आहेत. बहुतेकांनी सुरुवातीला थोडी लाजच बाळगली आहे. ‘पोरांना घेऊन गेलो होतो’ हे वाक्य निरनिराळ्या शब्दांत इतक्या लेखांत येतं की संपादकांनी काही ठिकाणी ते कापलं असतं तर बरं झालं असतं. कार्टून म्हणजे मुलांचं, आणि मुलांचं म्हणजे हसायचं, अशी आपली पक्की समजूत. या समजुतीचा एक फायदा आहे. माणूस बेसावध बसतो. गंभीर सिनेमाला आपण मनाची कवाडं अर्धी लावून जातो, रुमाल कुठल्या खिशात आहे ते चाचपून घेतो. बोलक्या माशाच्या सिनेमाला तशी तयारी कोण करतं?

पण बेसावधपणाने सगळं उलगडत नाही. जी आकृती आहे हे धडधडीत दिसतं, जिच्या नाकाच्या जागी ठिपका आणि डोळ्यांच्या जागी बशा आहेत, तिच्यासाठी गळा का दाटून यावा? या प्रश्नाचं उत्तर शोधायला डिस्नेपर्यंत जायची गरज नाही असं मला वाटतं. ते गिरगावातच आहे.

1911च्या ईस्टरच्या सुमारास फाळके गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताचं चरित्र पाहायला गेले. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांना राम-कृष्ण दिसत होते, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं आहे. म्हणजे आपल्या सिनेमाची सुरुवातच मुळी पडद्यावर नसलेलं पाहण्यातून झाली. 3 मे 1913 रोजी सँडहर्स्ट रोडच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा प्रेक्षकांकडूनही हेच अपेक्षित होतं. त्यातली तारामती म्हणजे अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाकाला असलेला तरुण. पोटचा मुलगा गेला, अंत्यसंस्काराला दमडी नाही आणि स्मशानातला राखणदार म्हणून समोर खुद्द नवराच उभा, हा प्रसंग कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून लख्ख ठेवलेला. तो साळुंक्यांच्या वाट्याला आला. मुलाचं काम फाळक्यांचा थोरला भालचंद्र करत होता. एवढ्यावर न थांबता 1917च्या ‘लंकादहना’त साळुंके राम झाले आणि सीताही झाले.

प्रेक्षकांना यात वावगं वाटण्याचं कारण नव्हतं, कारण नाटकाने त्यांना तयार केलेलं होतं. ‘एकच प्याला’तल्या सिंधूसाठी थिएटरं रडली, ती बालगंधर्वांकडे पाहून. समोर पुरुष आहे हे पहिल्या रांगेपासून पिटापर्यंत प्रत्येकाला माहीत. साम्य हवं असतं तर कोणीच रडलं नसतं. प्रेक्षकाला साम्य लागत नाही, त्याला लागते ती एक अचूक खूण: पदर सावरताना थबकलेला हात, मान वळवण्याआधी घेतलेला श्वास. बाकीची बाई तो स्वतः पुरवतो. जितकं कमी दिलं जाईल तितकं तो जास्त घालतो आणि स्वतः घातलेल्या जिवासाठी माणूस हमखास रडतो. चांगल्या अ‍ॅनिमेटरला हे गुपित ठाऊक असतं. नटाच्या चेहऱ्यावर नको असलेल्या गोष्टीही येतात, त्याची कीर्ती, त्याचे आधीचे सिनेमे, कालचं वर्तमानपत्र. चितारलेल्या माणसाला सिनेमाबाहेर आयुष्यच नसतं. डिस्नेच्या ‘बांबी’तल्या पाडसाची आई गोळीला बळी पडली की ती गेलीच. पुढच्या शुक्रवारी ती दुसऱ्या कोणाची आई होऊन येत नाही.

फाळक्यांचं आणखी एक काम इथे सांगायलाच हवं. 1919चा ‘कालिया मर्दन’ आज तुकड्यातुकड्यांनी का होईना, पाहायला मिळतो. त्यात कृष्णाचं काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केलं आहे. सिनेमा थेट गोकुळात सुरू होत नाही. आधी ही सातेक वर्षांची पोर साध्या वेशात समोर येते आणि नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव करून दाखवते. मग तिचाच कृष्ण होतो. पुढे तो कालियाच्या डोहात उडी घेतो आणि काठावर गोकुळाचा जीव टांगणीला लागतो. प्रेक्षकाला हातचलाखी आधीच उघड करून दाखवायची आणि तरीही नंतर त्याला घाबरवायचं, हा जादूगाराचा आत्मविश्वास आहे. फाळके जादूचे प्रयोग करतच असत, आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. पुढे अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओंत प्रत्येक पात्राचा हसरा, रडका, चिडका, भ्यायलेला चेहरा एका कागदावर ओळीने काढून भिंतीला लावायची पद्धत पडली. मंदाकिनीची ती सुरुवातीची दृश्यं पाहताना मला तोच कागद आठवतो. आणि चितारणाराही कागदावर हात ठेवण्याआधी नटच असतो. त्याच्या टेबलावर आरसा असतो, त्यात तोंडं वेडीवाकडी करत तो दुःख कुठल्या स्नायूत बसतं ते शोधत राहतो.

कॉरोनेशन थिएटर गेलं, मॅजेस्टिक गेलं. हलत्या मूर्तींसाठी रडायची सवय मात्र या भागातून गेली नाही, कारण दरवर्षी भाद्रपदात तिची उजळणी होत आली. मी गणपतीच्या मंडपातल्या चलचित्रांबद्दल बोलतो आहे. आता मंदिरांच्या प्रतिकृती आणि रोषणाईने जागा व्यापली, पण एके काळी गल्लोगल्ली दहा-बारा मिनिटांचा ‘शो’ असायचा. पडदा सरकतो. खर्जातला निवेदक सुरू होतो. श्रावणबाळ वाकतो, म्हणजे त्याच्या कमरेतली बिजागरी आणि पाठीमागची मोटर मिळून त्याला वाकवतात. नदी म्हणजे निळं प्लॅस्टिक, खाली टेबलफॅन. दशरथाचा बाण नायलॉनच्या दोरीवरून येतो आणि दोरी चांगली दिसते. आंधळी आई मान हलवत असते, एकाच लयीत, संवादाशी तिच्या मानेचा काडीचा संबंध नसतो. ध्वनिफीत कधी पुढे पळते, कधी मागे राहते. तरीही ‘बाळ, पाणी आणलंस का’ या अर्थाचं काहीतरी ती थकल्या आवाजात विचारते, तेव्हा बाजूच्या मावशींचा पदर डोळ्यांना गेलेला असतो. दुसऱ्याच क्षणी स्वयंसेवक शिट्टी फुंकून ‘चला, पुढे सरका’ म्हणत सगळ्यांना बाहेर काढतो आणि आत मोटर श्रावणबाळाला पुन्हा सरळ उभं करते.

याच गल्ल्यांतल्या मूर्तिशाळांत ‘आखणी’ नावाचं एक काम असतं. मूर्तीचं अंग कोणीही रंगवतं; डोळ्यांची आखणी मात्र मुरलेल्या हाताकडे जाते. तो बारीक ब्रशने पापणीची रेघ ओढतो, बुबुळ बसवतो, त्यात पांढरा ठिपका टेकवतो. तो ठिपका केसभर वर-खाली झाला तर नजर भलतीकडेच जाते. ठिपका जमला की शेजारचा माणूस काम थांबवून म्हणतो, ‘बघायला लागला!’ पूजेच्या दिवशी भटजी मंत्र म्हणतात ते नंतर. एवढं झाल्यावर हेच लोक अकराव्या दिवशी त्या मातीला निरोप देताना रडतात आणि आपण मातीसाठी रडतो आहोत हे त्यांना कोणी सांगायला लागत नाही. असा सराव असलेल्या वस्तीला चितारलेल्या हत्तिणीसाठी रडणं अवघड का जावं? ‘डंबो’त साखळदंडात अडकवलेली आई गजांतून फक्त सोंड बाहेर काढते आणि पिल्लाला जोजवते. पिल्लाला तिचा चेहरा दिसत नाही. सोंडेवर भागतं.

आता पुस्तकातल्या प्रसंगांकडे. सगळ्यात जास्त लेख ‘अप’ या 2009च्या सिनेमाच्या सुरुवातीवर आले, त्यात नवल नाही. कार्ल आणि एली यांचं लग्न ते एलीचा मृत्यू, हा सगळा संसार काही मिनिटांत, एकाही संवादाशिवाय होतो. दोघं दूरच्या एका धबधब्याच्या प्रवासासाठी बरणीत पैसे टाकतात. गाडीचा टायर फुटतो, बरणी फुटते. पाय मोडतो, बरणी फुटते. छपरावर झाड पडतं, पुन्हा बरणी. परळच्या 10 बाय 12च्या खोलीत संसार केलेल्या एका बाईंनी याविषयी लिहिताना सिनेमा चार ओळींत गुंडाळला आहे आणि उरलेली चार पानं आपल्या पिठाच्या डब्यावर खर्च केली आहेत. डोंबिवलीच्या ब्लॉकसाठी त्यात नोटा दडवल्या जात. नणंदेचं बाळंतपण, सासऱ्यांचा मोतीबिंदू, मग 1982चा गिरणी संप. ब्लॉक झाला नाही. हे ‘अप’वरचं लेखन आहे का, असा प्रश्न समीक्षकाला पडेल. मला पडला नाही.

‘कोको’वर गिरगावातून आलेला लेख वेगळ्या कारणासाठी वाचावा. त्या मेक्सिकन गोष्टीत मेलेली माणसं दुसऱ्या जगात नांदत असतात, पण जिवंतांपैकी त्यांची आठवण असलेला शेवटचा माणूस गेला की तिथूनही नाहीशी होतात. शेवटी विस्मरणात बुडालेली पणजी, मामा कोको, वडिलांचं गाणं ऐकून ओठ हलवते. लेखकाने पितृपक्षातल्या पानाशी त्याची गाठ घातली आहे: आजोबांचं नाव घ्यायचं, पणजोबांचं घ्यायचं, त्यापुढचं नाव भटजींनी विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. हा लेख थोडा लांबला आहे, तरी त्या एका बघण्यासाठी माफ.

रडवण्याच्या सगळ्याच युक्त्या माझ्या मते सारख्या मोलाच्या नाहीत. डोळ्यांत पाणी आणणं ही मोठी करामत नव्हे, कांदाही ते करतो. आई किंवा बाप सुरुवातीलाच मारायचा हा हॉलिवूडच्या कार्टूनवाल्यांचा जुना शिरस्ता आहे आणि आपल्याकडे सासरच्या छळावर थिएटर भिजवायचा. ‘माहेरची साडी’ची मी टिंगल करणार नाही, त्या काळोखात बायका स्वतःचं रडून घेत होत्या, निमित्त अलका कुबल. पण इसाओ ताकाहातांचा 1988चा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ निराळ्या जातीचा आहे. तो रडण्याची मागणीच करत नाही. मुलगा मरतो हे पहिल्याच दृश्यात सांगून टाकतो आणि मग दाखवतो ते कसं झालं ते. बॉम्बने जळलेलं कोबे शहर, चौदा वर्षांचा सेइता, चार वर्षांची सेत्सुको आणि फळांच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा. गोळ्या संपल्यावर सेइता डब्यात पाणी घालून हलवतो आणि ते गोड पाणी बहिणीला देतो. पुढे त्याच डब्यात तिच्या अस्थी जातात. आमच्या पिढीने रावळगावच्या गोळीचा कागदही चाटला आहे, त्यामुळे ते पाणी कसं लागलं असेल हे सांगावं लागत नाही. असा सिनेमा नटांकडून करून घेता आला नसता असं मी धिटाईने म्हणतो. एवढ्याशा पोरीची उपासमार खऱ्या मुलीवर दाखवली तर आपण पोरीच्या आईबापांचा विचार करू लागू. चित्रातल्या सेत्सुकोच्या आणि आपल्या मध्ये कोणी नसतं.

मग हे सामर्थ्य आपल्याकडे का रुजलं नाही? साधनं नव्हती, असं म्हणता येत नाही. गिरगाव चौपाटीवरून केम्प्स कॉर्नरचा चढ चढलं की पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनचं आवार लागतं. 1956 साली तिथे कार्टून विभाग उभा राहिला आणि शिकवायला आले क्लेअर वीक्स, मिशनरी आईबापांपोटी भारतातच जन्मलेले, डिस्नेकडे ‘बांबी’वर काम केलेले. त्यांच्या हाताखाली जी मंडळी तयार झाली त्यांत जी. के. गोखले होते, राम मोहन होते. विभागाची पहिली गाजलेली फिल्म 1957ची, ‘द बनियन डिअर’. तीही हरणांचीच. जातककथेतली: राजाच्या स्वयंपाकघरासाठी कळपातलं एकेक हरीण पाळीने जायचं असं ठरलेलं, पाळी येते गाभण हरिणीची आणि तिच्या जागी कळपाचा राजा स्वतः मान ठेवतो. रेघा अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतल्या होत्या. बांबीची आई बर्फात पडद्याबाहेर मरते. इकडचा मृग स्वतःच्या पायांनी खाटकाकडे चालत येतो. शिवरात्रीला व्याधाकडून मुदत मागून पाडसांना भेटायला गेलेली आणि शब्द पाळून परतलेली हरिणी ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे त्यांना ही चाल ओळखीची वाटेल.

म्हणजे पहिलं पाऊल योग्य पडलं होतं. पुढे सरकारला हरणांपेक्षा कुटुंबनियोजन महत्त्वाचं वाटलं. बचत करा, डास मारा, मुलं कमी होऊ द्या. मुख्य सिनेमाच्या आधी या फिल्म दाखवणं थिएटरांना सक्तीचं होतं आणि तेवढ्यात बाहेर जाऊन विडी ओढून येणं प्रेक्षकांना सोयीचं. हाताला कसब होतं, गोष्ट कोणी मागितली नाही. राम मोहन 1968 साली नोकरी सोडून गेले. पुढे ‘शतरंज के खिलाडी’तला अ‍ॅनिमेशनचा भाग त्यांनी केला, आणि युगो साको या जपानी निर्मात्याबरोबर पूर्ण लांबीचं रामायण. आपल्या राम-सीतेला चित्रपटभर चालतं करायला जपानी माणसाने पुढाकार घ्यावा, ही गोष्ट मला अजून बोचते.

सरकारी उपदेशांच्या त्या ढिगाऱ्यातून एक फिल्म मात्र सगळ्या देशाच्या स्मरणात राहिली. 1974ची ‘एक अनेक और एकता’. जाळं घेऊन उडालेली पाखरं आणि ते कुरतडणारे उंदीर. दिग्दर्शिका विजया मुळे, मुंबईत जन्मलेल्या. चित्रं भीमसेन यांच्या हाताखालची. संगीत वसंत देसाई. उपदेशच आहे, पण त्यात एक लहान भाऊ दीदीला प्रश्न विचारतो आणि दीदी न चिडता उत्तर देते. चाळीतल्या एका टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलेल्या मुलांना एकतेचं काय कळलं देव जाणे, पण अशी ताई प्रत्येकाला हवी होती.

आणि मग 2006 साली पुन्हा आगपेटी. गीतांजली राव या जे. जे.च्या विद्यार्थिनी, फाळकेही तिथलेच. त्यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’त शहरातल्या एका घरात एकटी म्हातारी आहे आणि तिची मांजर. घर राखाडी, दिवस राखाडी. तिच्यापाशी आगपेट्यांच्या छापांचा संग्रह आहे आणि त्या छापांतून ती रंगीत मुलखांत उतरते. एकही संवाद नाही. ही पंधरा मिनिटांची फिल्म त्यांनी जवळपास एकटीने, हाताने रंगवून केली आणि कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये तिचं कौतुक झालं. नंतरचा ‘बॉम्बे रोझ’ही तसाच फ्रेम फ्रेम रंगवलेला. फाळक्यांच्या हरवलेल्या काड्यांना 91 वर्षांनी पेटी मिळाली, हा योगायोग आहे. रावबाईंनी तो मुद्दाम साधला असेल असं मला वाटत नाही. त्या म्हातारीवरचा लेख दादरच्या एका मुलीने लिहिला आहे, आणि सबंध पुस्तकात एखादाच लेख वाचायला वेळ असेल तर तो वाचा.

संपादकांशी माझा वाद झाला तो एकाच लेखावरून. लालबागच्या एका गृहस्थांनी ‘श्यामची आई’वर लिहून पाठवलं: आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागेल म्हणून हटून बसलेला श्याम आणि त्याच्यासाठी ओलेत्याने पदर पसरणारी आई. 1953चा अत्र्यांचा सिनेमा, संगीत पुन्हा वसंत देसाईंचंच, आणि अ‍ॅनिमेशनशी त्याचा दुरान्वयेही संबंध नाही. संपादक म्हणाले, विषयात बसत नाही. गृहस्थांचं म्हणणं असं की त्यांनी हा सिनेमा आधी पाहिलाच नव्हता. शाळेत असताना गल्लीतल्या मंडळाने त्यावर चलचित्र केलं होतं, त्यात आईचा हात पदरासकट खाली यायचा आणि मोटर अडकली की तिथेच थरथरत राहायचा, आणि आपण रडलो ते त्या थरथरीला. सिनेमा पुढे पाहिला तर पडद्यावरच्या आईचा, वनमालाबाईंचा, हात थरथरत नाही म्हणून त्यांची निराशा झाली. यावर संपादकांना उत्तर सुचेना. लेख सातवा आहे.